वरून आपण दिसतो का? (अवकाशस्थानक, मुलुंडची गच्ची आणि आईचा प्रश्न)

गच्चीवाला | रविवार, रात्री ९:१२

काल संध्याकाळी आईला गच्चीवर नेलं. वय ७४, गुडघे कुरकुरतात, लिफ्ट सहाव्या मजल्यावर हात टेकते आणि पुढे १८ पायऱ्या. पण गेले चार दिवस मी एकटाच आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक बघायला वर जाऊन 'दिसलं दिसलं' करत खाली येत होतो, तेव्हा ती म्हणाली, काय ते एकदा मलाही दाखव.

मुलुंडला पश्चिमेकडे बोरिवलीच्या जंगलाचा डोंगर आहे, त्यामुळे त्या बाजूला टॉवरांची आडकाठी कमी. सात वाजून गेल्यावर डोंगराच्या उजव्या खांद्यावरून ठिपका वर आला. लुकलुक नाही, आवाज नाही, एका चालीने डोक्यावरून ऐरोलीच्या दिशेला गेला आणि खाडीच्या वर असतानाच, कोणी रेग्युलेटर फिरवावा तसा, मंद होत विझला. चारेक मिनिटं.

आईने हात जोडले नाहीत (मला वाटलं होतं जोडेल). तिने विचारलं, "त्यात माणसं आहेत ना?"
"आहेत. साधारण सात असतात."
"मग त्यांना आपण दिसतो का?"

मी म्हटलं, नाही गं, ४०० किलोमीटरवरून कुठे दिसणार. त्यावर तिचं उत्तर: "तुला कसं माहीत? तू गेलायस?"

तर मंडळी, हा धागा त्यासाठी. स्थानक ताशी २८,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं, दीड तासात पृथ्वीला फेरी, हे सगळं मला पाठ आहे. पण उलट बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. वरच्या माणसाला मुंबई कशी दिसते? काय ओळखू येतं, काय नाही? जाणकारांनी लिहावं. आईला वाचून दाखवणार आहे, तेव्हा भाषा जरा सांभाळून.

---

अवली_परळकर | रविवार, रात्री ९:३१

काकूंना साष्टांग. "तू गेलायस?" हा युक्तिवाद मी उद्यापासून ऑफिसात वापरणार.

अवांतर: त्या वेगाने मुंबईहून पुण्याला किती वेळ लागेल?

---

ठाणेकर_खगोलवेडा | रविवार, रात्री १०:०५

@परळकर, सरळ रेषेत १२० किलोमीटर धरा. जमिनीवर स्थानकाच्या बरोबर खालचा बिंदू सेकंदाला सव्वासात किलोमीटर सरकतो असं माना. म्हणजे १७ सेकंद. चर्चगेट ते विरार ८ सेकंद. दादरला चढायला मिळणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

@गच्चीवाला, आता काकूंच्या प्रश्नाकडे. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. ४०० किलोमीटरवर त्याचं माप होतं साधारण ११५ ते १२० मीटर. म्हणजे स्थानक अगदी डोक्यावर असलं तरी उघड्या डोळ्याला आपली बिल्डिंग ही 'बिल्डिंग' म्हणून दिसणार नाही, माणूस तर सोडाच. पण लांबलचक आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाची वस्तू याहून अरुंद असली तरी डोळा पकडतो. विमानतळाच्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या, निळ्या-करड्या पाण्यावरचा अटल सेतू (२१.८ किलोमीटर लांब, जानेवारी २०२४ पासून सुरू), खाडीतून जाणाऱ्या मोठ्या जहाजामागचा पांढरा फेसाचा पट्टा, अशा गोष्टी.

कॅमेरा हातात घेतला की गणित पार बदलतं. वर निकॉनचे साधे, म्हणजे आपल्याला दुकानात मिळतात तसलेच कॅमेरे वापरतात, फक्त त्यांना ४०० किंवा ८०० मिलिमीटरची लेन्स लावलेली असते. ८०० मिलिमीटरच्या लेन्समधून एका पिक्सेलमध्ये जमिनीचा साधारण तीन मीटरचा तुकडा येतो. मग तुमची सोसायटी सुटी ओळखता येते, गच्चीवरची पाण्याची टाकीही एखाद्या ठिपक्याएवढी येईल. आई नाही.

हे फोटो काढणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. खालची जमीन सेकंदाला सात किलोमीटर पळतेय, म्हणून हात त्याच वेगाने उलटा फिरवत राहावा लागतो. रात्री तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे दिव्यांच्या रेघाच उमटायच्या. डॉन पेटिट नावाच्या अंतराळवीराने २००२-०३ च्या मुक्कामात स्थानकावरच्या सुट्या भागांतून, त्यात बॅटरीवरचं ड्रिल मशीनही होतं, कॅमेरा फिरवणारं एक यंत्र जोडलं. शहरांचे रात्रीचे धारदार फोटो तेव्हापासून मिळायला लागले. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि वर त्याला पुरस्कार देतात, की उलट होतं, कोण जाणे.

---

रोहिणी_मावशी | रविवार, रात्री १०:४०

गच्चीवाला, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आमच्या वयाची दिसते.

आमच्या गिरगावातल्या चाळीत १९८४ साली तीन बिऱ्हाडांत टीव्ही होता. राकेश शर्मा वर गेले ३ एप्रिलला. इंदिराबाईंनी त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी "सारे जहाँ से अच्छा" म्हटलं, तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांनी टाळी वाजवली आणि चहाची बशी फुटली. एवढंच सगळ्यांना आठवतं. पण ते आठ दिवस वर नुसते खिडकीत बसले नव्हते हो. सोव्हिएत सॅल्युत-७ स्थानकावर सहा वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत एकाच वेळी फोटो घेणारा एमकेएफ-६एम नावाचा कॅमेरा होता आणि भारताची छायाचित्रं काढणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. जंगलं, जमीन, किनारा, बर्फ. योगासनांचाही प्रयोग होता. वर्तमानपत्रांनी योगासनं तेवढी मोठ्या टायपात छापली, हे मला पक्कं आठवतं.

त्याआधी १९७९ ला अमेरिकेचं स्कायलॅब स्थानक पडणार म्हणून जो गोंधळ झाला तो तर विचारू नका. माझ्या सासरी, रायगडात, लोकांनी 'मरायचंच आहे तर खाऊन मरू' म्हणून कोंबड्या कापल्या. पडलं ते ऑस्ट्रेलियात. कोंबड्या गेल्या त्या गेल्याच.

शर्मांची अवकाशकुपी आपल्या वरळीच्या तारांगणात ठेवलीय ना? नातवाला दाखवायची आहे.

---

ठाणेकर_खगोलवेडा | रविवार, रात्री १०:५२

मावशी, ती वरळीला नाही, दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे. आणि गंमत म्हणजे ते गेले सोयुझ टी-११ मधून आणि परतले आधीच वर लावून ठेवलेल्या टी-१० मधून. दिल्लीत आहे ती परतीची. वातावरणातून उतरतानाच्या उष्णतेने काळी पडलेली. कढईच्या बुडासारखी दिसते.

---

हिशेबी_माणूस | सोमवार, सकाळी ८:१५

सगळ्यांचा भावनिक फराळ चालू आहे त्यात मिठाचा खडा टाकतो. आपला कार्टोसॅट-३ (नोव्हेंबर २०१९) ५०० किलोमीटरवरून पाव मीटरच्या आसपासचा तपशील टिपतो. जेवत नाही, झोपत नाही, घरी परत आणावा लागत नाही. स्थानकावर जाऊन आलेल्या शुभांशु शुक्लांच्या एका फेरीला सुमारे साडेपाचशे कोटी लागल्याचं वाचलं. पृथ्वी बघायला माणूस कशाला पाठवायचा? खिडकीतून तीन मीटरचा फोटो काढायला?

काकूंचा प्रश्न गोड आहे, मान्य. पण करदात्याचाही एक प्रश्न आहे.

---

भूगोलाच्या_बाई | सोमवार, दुपारी १:२०

मधल्या सुट्टीत लिहितेय, त्रोटक होईल.

हिशेबी, तुमचं अर्धं बरोबर आहे. नुसतं पृथ्वीनिरीक्षणासाठी कोणी माणूस पाठवत नाही आणि पाठवूही नये. माणसं तिथे इतर प्रयोगांसाठी असतात आणि खिडकी आहे म्हणून बघतात. पण त्यातून मिळतं ते उपग्रहाच्या चित्राची स्वस्त नक्कल नसतं. कारणं तशी साधी आहेत. कार्टोसॅटसारखे उपग्रह सूर्याशी जुळवलेल्या कक्षेत फिरतात, म्हणजे एका जागेवरून जेव्हा जातात तेव्हा साधारण त्याच घड्याळवेळी जातात. सावल्या कायम एकाच बाजूच्या. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी तिरकी आहे आणि मुंबईवरून ते कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री जातं. सूर्य उगवतीला असताना सह्याद्रीची धार कशी दिसते, घाटमाथ्याची सावली कोकणात किती लांब पडते, हे त्यातच दिसतं. शिवाय ते तिरकं बघू शकतात. उपग्रह बहुतेक वेळा खाली मान घालून बघतो, माणूस मान वर करून क्षितिजाकडेही बघतो. वर्गात मुलांना सह्याद्री 'भिंत' आहे हे शिकवायला मला असा तिरका फोटो दहा नकाशांपेक्षा उपयोगी पडतो.

आणि एक किस्सा. मे २००६ मध्ये जेफ विल्यम्स या अंतराळवीराला खिडकीतून अलास्काच्या बाजूच्या बेटांवरच्या क्लीव्हलंड ज्वालामुखीतून राखेचा लोट निघताना दिसला. त्यानेच खाली कळवलं आणि तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेला ते त्याच्याकडून समजलं. यंत्र जे बघायला सांगितलंय तेच बघतं.

पण मुंबईच्या पावसाळ्यात माझं मत बदलतं. जून ते सप्टेंबर वरच्या माणसाला आपल्या जागी नुसता कापूस दिसणार. तिथे जुलै २०२५ मध्ये गेलेल्या निसारसारखा रडार उपग्रहच हवा, त्याला ढग आडवे येत नाहीत. १२ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. दरड कुठे सरकतेय, जमीन कुठे खचतेय, हे त्याने सांगायचं.

घंटा झाली.

---

हिशेबी_माणूस | सोमवार, दुपारी २:०२

बाई, ज्वालामुखीचा मुद्दा मान्य. साडेपाचशे कोटींचा नाही. बाकी संध्याकाळी.

---

अवली_परळकर | सोमवार, दुपारी २:१०

हिशेबींनी अर्धा मुद्दा मान्य केला! धाग्याला वाचनखूण लावतो.

---

चक्रीवादळ | सोमवार, संध्याकाळी ६:४५

शुभांशु म्हणाले ना, की वरून सीमा दिसत नाहीत, पृथ्वी एकसंध दिसते. मला वाटतं हेच खरं निरीक्षण, बाकी पिक्सेल वगैरे तपशील.

---

ठाणेकर_खगोलवेडा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

दिवसा खरं आहे. रात्री एक अपवाद आहे आणि तो नेमका आपला. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कुंपणाचे फ्लडलाइट वरून नारिंगी दोऱ्यासारखे सलग दिसतात. स्थानकावरून २०११ मध्ये काढलेला फोटो प्रसिद्ध आहे, नंतरही काढले गेले. रात्री अवकाशातून दिसणाऱ्या जगातल्या मोजक्या सीमांपैकी ही एक. उलट चीनची भिंत, जी 'चंद्रावरून दिसते' असं आपण शाळेत घोकलं, ती २००३ मध्ये वर गेलेल्या चीनच्याच पहिल्या अंतराळवीराला, यांग लिवेईला, दिसली नाही. आजूबाजूच्या मातीच्याच रंगाची आणि अरुंद. वर म्हटलं तसं, लांबी असून उपयोग नाही, रंग वेगळा पाहिजे.

मुंबई रात्री ओळखायची खूण सांगतो: उजेडाच्या मधोमध एक काळा डाग. ते राष्ट्रीय उद्यान, १०० चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. गच्चीवाला, तुमचा डोंगर. म्हणजे वरचा माणूस आधी अंधार शोधतो आणि त्याच्या उजवीकडे मुलुंड.

---

भूगोलाच्या_बाई | सोमवार, रात्री ८:०५

उजवीकडे म्हणजे फोटोत उत्तर वर असली तर! हौशी मंडळी इथेच फसतात. अंतराळवीरांचे फोटो नासाने सगळ्यांना फुकट पाहायला ठेवलेत, मर्क्युरी मोहिमांपासूनचे, अक्षांश-रेखांश टाकून शोधता येतात. १९ उत्तर, ७३ पूर्व टाका. पण कॅमेरा ज्या बाजूला वळलेला त्या बाजूने चित्र येतं. मी एकदा पाऊण तास एका फोटोत भाईंदरची खाडी शोधत होते, शेवटी लॅपटॉप उलटा धरला.

---

गच्चीवाला | सोमवार, रात्री ९:२०

सर्वांचे आभार. आईला पहिला हप्ता वाचून दाखवला. "काळ्या डागाच्या शेजारी" हा आपला पत्ता तिला आवडला. पोस्टमनला सांग म्हणाली.

आणखी एक सापडलं. सुनीता विल्यम्स २८६ दिवस वर राहून मार्च २०२५ मध्ये परतल्या, त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत भारत वरून कसा दिसतो ते सांगताना त्या हिमालयाबद्दल बोलल्याच, पण गुजरात आणि मुंबईकडे येताना किनाऱ्याजवळच्या मच्छीमार बोटींचे दिवे आपण आता भारतावर येतोय याची खूण देतात, अशा अर्थाचंही बोलल्या. इतकं जग पाहिलेल्या बाईला आपल्या किनाऱ्यावरून लक्षात राहिली ती कोळ्यांची बत्ती. मला भारी वाटलं.

---

वेसाव्याचा_पोर | मंगळवार, रात्री १२:१८

पहिलाच प्रतिसाद लिहितोय, सांभाळून घ्या.

मी वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यातला. स्वतः बँकेत आहे, पण भाऊ आणि बाबा बोटीवर. भारी वाटलं म्हणालात म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आमची डोलीची बोट. जाळं खुंटांना बांधून प्रवाहात सोडायचं, पाणी भरतं-ओसरतं तसा मासा आपसूक आत येतो. त्याला उजेड लागत नाही. बोटीवर नियमाचे दिवे, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, आणि जाळं ओढताना हात दिसावेत म्हणून दोनचार बल्ब. हे कुणाला ४०० किलोमीटरवरून दिसत असेल असं मला वाटत नाही. विल्यम्सबाई जे म्हणाल्या ते शेकडो बोटी मिळून दिसत असेल, नाही म्हणत नाही. पण एकेक बोट दिव्यासारखी चमकत असेल तर ती आमची नव्हे.

समुद्रात रात्री खरा लखलखाट असतो तो एलईडीवाल्यांचा. मोठ्या बोटीवर जनरेटर, बाजूला आणि पाण्यातही दिवे, उजेडाला मासा जमतो, लहान-मोठा सगळा, आणि वरून घेर घालून एका झटक्यात उचलतात. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातलीय. तरी चालतं. बाबा म्हणतात, पूर्वी रात्री क्षितिजावर उजेड दिसला की मुंबई आली समजायचं, आता पश्चिमेलाही उजेड दिसतो.

म्हणजे वरून जो दिवा 'आलो बरं का घराजवळ' म्हणतो, त्याच दिव्याने आमच्या जाळ्यातला मासा कमी होतोय. विल्यम्सबाईंचा दोष नाही. वरून बंदी दिसत नाही.

दुसरी गोष्ट. शुभांशु वर होते २६ जून ते १४ जुलै. तेव्हा आमचा दर्या बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. त्यांना ढगांच्या फटीतून किनारा दिसला असेल तर काळाच दिसला असणार. विल्यम्सबाई थंडीभर वर होत्या म्हणून त्यांना दिवे दिसले. एकाच खिडकीतून दोघांना दोन वेगळे समुद्र.

---

भूगोलाच्या_बाई | मंगळवार, सकाळी ६:५०

पोरा, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? नाव न घेता.

शास्त्रापुरतं: तुझ्या बाबांचं म्हणणं मोजता येतं. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर रात्रीचा मंद उजेड टिपणारं उपकरण आहे. तो साधारण रात्री दीड वाजता एखाद्या ठिकाणावरून जातो आणि समुद्रातल्या एकेका उजळ बोटीचा ठिपका शोधण्याची पद्धत त्यावरून बसवलीय. ढग आणि पौर्णिमेचं चांदणं आडवं येतं. म्हणजे वरून बंदी दिसत नाही, पण बंदी मोडलेली दिसू शकते.

थायलंडच्या आखातात तर माकूळ पकडणाऱ्या बोटींचे दिवे हिरवे असतात. स्थानकावरच्या फोटोंत अख्खा समुद्र हिरवा दिसतो, बँकॉकचा पिवळा-पांढरा उजेड त्यापुढे वेगळा उठून दिसतो.

---

हिशेबी_माणूस | मंगळवार, सकाळी ९:३०

मग हे मोजून दंड का होत नाही? साडेपाचशे कोटींत किती गस्ती नौका येतील?

---

वेसाव्याचा_पोर | मंगळवार, सकाळी ९:४१

दादा, तुम्ही आमच्या सोसायटीच्या सभेला या. चहा आमचा.

---

चक्रीवादळ | मंगळवार, सकाळी १०:१५

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ मुद्द्यावर या. काकूंनी टॉर्च मारला तर वर दिसेल का? गंभीरपणे विचारतोय. (दिवे घ्या, हवे तर टॉर्च घ्या.)

---

ठाणेकर_खगोलवेडा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

हे कुणीतरी करून पाहिलंय! मार्च २०१२, अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची हौशी खगोल मंडळी. वर तेच डॉन पेटिट. शहराबाहेरच्या अंधाऱ्या जागेवरून त्यांनी एक वॅटचा निळा लेसर आणि मोठे स्पॉटलाइट स्थानकाकडे धरून ठराविक तालात चालू-बंद केले. पेटिटला दिसले, त्याने फोटोही काढला. नेमका किती वाजता, कोणत्या कोनात, हे आधी ठरवून.

मुंबईत मात्र अडचणी आहेत. पहिली: आजूबाजूला इतका उजेड की तुमचा टॉर्च म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत कानात कुजबुजणं. दुसरी: लेसरच्या नादी कुणीही लागू नका. आपल्या डोक्यावरून विमानं उतरत असतात, वैमानिकाच्या डोळ्यांवर लेसर पडला तर काय होईल याचा विचार करा, आणि तो गुन्हा आहे.

पण एक गोष्ट काकूंच्या बाजूची आहे. स्थानकावरचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालतं. ती मंडळी साधारण रात्री साडेनऊला झोपायला जातात आणि सकाळी सहाला उठतात, म्हणजे आपल्या पहाटे तीन ते सकाळी साडेअकरा. तुम्ही पहाटे साडेपाचला गच्चीवरून हात हलवलात तर वर सगळे घोरत असतात. संध्याकाळी सातला मात्र तिथे दुपारचे दीड. जागे असतात, जेवून कामाला लागलेले, आणि कुणीतरी सात काचांच्या त्या क्युपोला खिडकीत असण्याची शक्यता असते. शिवाय आपण अंधारात आणि ते उन्हात, म्हणून आपल्याला ते दिसतात. त्यांना खाली मुंबईचे दिवे लागलेले दिसतात.

आणि 'डोक्यावर' याची व्याख्याही सैल करा. त्या उंचीवरून क्षितिज जवळजवळ २,३०० किलोमीटरवर असतं. स्थानक मुंबईवर असताना एका बाजूला दुबई, दुसऱ्या बाजूला कोलकाता, खाली कन्याकुमारी, हे सगळं एकाच नजरेच्या टप्प्यात. चार मिनिटं आपण त्यांना बघतो तेव्हा ते जवळजवळ अख्ख्या देशाला बघत असतात.

---

लघुलहरी_डोंबिवली | मंगळवार, रात्री १०:३३

दिसण्याचं माहीत नाही, ऐकू मात्र येतं. स्थानकावर हॅम (हौशी लोकांचा) रेडिओ आहे, खाली येणारा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर. शुभांशु शुक्ला ४ जुलै २०२५ ला बंगळुरूच्या इस्रोच्या राव उपग्रह केंद्रातल्या विद्यार्थ्यांशी असेच बोलले. मी डोंबिवलीच्या बाल्कनीतून ग्रिलच्या बाहेर अँटेना काढून ऐकतो. शेजारी समजतात मी केबल चोरतोय.

मधूनमधून ते चित्रंही पाठवतात, आवाजाच्या रूपात. किर्र-किर्र-टूं असा आवाज दोन मिनिटं, संगणकावर तो ओळीओळीने चित्र होतो. पास (म्हणजे स्थानकाची आपल्या आकाशातून जाणारी एक फेरी) सुरू होताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झने वर सरकलेली असते, डोक्यावरून गेलं की तितकीच खाली. लोकलचा भोंगा जवळ येताना आणि लांब जाताना बदलतो तसंच. पहिलं चित्र आलं तेव्हा खालच्या अर्ध्यात नुसती मुंग्यांची रांग होती, कारण स्थानक समोरच्या टॉवरमागे गेलं. बिल्डरने माझं अर्धं चित्र खाल्लं.

काकूंना ऐकवायचं असेल तर रेकॉर्डिंग पाठवतो.

---

गच्चीवाला | गुरुवार, रात्री ८:०२

आजचा पास उत्तम होता. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' वर आधीच वेळ पाहिली होती. कळवतो कसं झालं ते.

आई या वेळी तयारीने आली. स्वेटर, प्लास्टिकची खुर्ची (वॉचमनने आणली, तोही थांबला) आणि घरातला मोठा चार्जिंगचा टॉर्च, लाइट गेल्यावर वापरतो तो. मी लेसरचं आणि मिरवणुकीचं सगळं वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, कळलं, दिसणार नाही, पण तिकडे दीड वाजलाय आणि ते जागे आहेत हे तूच वाचलंस ना.

ठिपका डोंगरावर आला तेव्हापासून तिने टॉर्च लावला-बंद केला, लावला-बंद केला. मध्ये पाचव्या मजल्यावरचे जोशीकाका खालून ओरडले, कोण आहे रे वर? वॉचमन म्हणाला, मुंबई दाखवतायत. विझेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. मग गुडघा धरून बसली आणि म्हणाली, खांदा दुखला.

रेकॉर्डिंग पाठवा लघुलहरी, आई वाट बघतेय.

---

हिशेबी_माणूस | गुरुवार, रात्री ८:४०

दहिसरहूनही दिसलं. सहज गॅलरीत होतो.

---

अवली_परळकर | गुरुवार, रात्री ८:४२

सहज!

---

वेसाव्याचा_पोर | शनिवार, सकाळी ११:०७

भाऊ आज पहाटे आला बंदरात. गुरुवारची वेळ मी त्याला निघतानाच सांगून ठेवली होती. म्हणाला, किनाऱ्यापासून लांब होतो, आजूबाजूला काळोख, त्यामुळे तुमच्यापेक्षा खाली असल्यापासून दिसलं, थेट पाण्यातून निघाल्यासारखं. खलाशातला एकजण म्हणाला बोट आहे. भाऊ म्हणाला लाल नाही, हिरवा नाही, बोट कशी असेल? मग सगळे माना वर करून बसले, जाळं दोन मिनिटं उशिरा ओढलं.

त्याने विचारलंय, काकूंचा टॉर्च सोडा, आमचे चार बल्ब त्यांना दिसले का? ज्यांना माहीत असेल त्यांनी लिहा. मला उत्तर द्यायचंय त्याला, उद्या परत जातोय.

---

ठाणेकर_खगोलवेडा | शनिवार, दुपारी १२:३०

चार बल्ब एकटे, उघड्या डोळ्याला, नाही. मोठी लेन्स, अंधारा समुद्र, स्थिर हात आणि बरोबर त्याच दिशेला बघणारा कुणी असला, तर एखादा पिक्सेल उजळला असेलही. त्या रात्रीचे फोटो पुढे कधीतरी नासाच्या संग्रहात येतील, तेव्हा मी शोधतो. बोट साधारण कुठे होती ते भावाकडून लिहून घे.

---

वेसाव्याचा_पोर | शनिवार, दुपारी १२:४४

जीपीएसवर आहे, घेतो. जागा इथे उघड लिहिणार नाही हां, मासा कुठे लागतो ते कळेल सगळ्यांना. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

रोहिणी_मावशी | शनिवार, दुपारी १:१५

अवांतर विचारते, राग मानू नकोस बाळ. बोंबील आलेत का या खेपेला?